दहा हजार एकसष्टची उलटी बाजू

नाव: एरल जेम्स पेंगेली. वय: वर्षे त्रेसष्ट. राहणार: बर्रा, दक्षिण ऑस्ट्रेलिया. व्यवसाय: लोकरीची प्रतवारी करणे. नोंदणी क्रमांक: 10061, सन 1961 पासून अखंड चालू. तक्रारी: निरंक. ताकिदी: निरंक. पारितोषिके: निरंक. वैवाहिक स्थिती: लागू नाही (हे उत्तर अर्जदाराने स्वहस्ते लिहिले असून लोकर मंडळाने ते ग्राह्य धरले आहे). क्रमांकाविषयी अधिक माहिती, कोणी मागितली नसताना अर्जाच्या पाठीमागे पेन्सिलीने दिलेली: विषम, मूळ, न्यून, दुःखी, दोन वर्गांची बेरीज, आणि तीही एकाच प्रकारे. शारीरिक अडचण असल्यास: लोकरीचे कपडे घातले की अंगाला खाज सुटते.

अर्ज दर तीन वर्षांनी भरावा लागे, आणि दर तीन वर्षांनी एरल त्याची पाठ पेन्सिलीनं भरून पाठवी. मंडळानं त्यावर कधी हरकत घेतली नाही, कारण मंडळात कागदाची पाठ कोणी बघत नसे.

प्रतवारीचं काम बाहेरून सोपं दिसतं. शेडीत कातरणारे वाकून कातरत असतात. एका मेंढीची अख्खी लोकर गोधडीसारखी उचलून कोणीतरी जाळीच्या मेजावर फेकतं. ती हवेत क्षणभर पसरते, थांबल्यासारखी वाटते आणि मग खाली बसते. प्रतवारीकार तिच्यावर हात ठेवतो. एक बट ओढून काढतो, दोन्ही टोकांनी ताणून कानाजवळ धरतो आणि नखानं टिचकी मारतो. बट टणक वाजली तर लोकर दुष्काळातही तगलेली. फुसकी वाजली तर मेंढी कधीतरी उपाशी होती. मग हात सांगतील त्या ढिगात ती लोकर जाते, ढिगाची गासडी होते, आणि गासडीवर प्रतवारीकाराच्या क्रमांकाचा छाप बसतो. छापाला एक पत्रा असतो, त्यात आकडे कोरलेले. पत्रा कापडावर धरायचा, वरून काळा रंग मारायचा. पुढे ती गासडी चीनला जावो नाहीतर इटलीला, आत काय आहे याला तो क्रमांक जबाबदार. माणसाचं नाव कुठंच नसतं.

दोन लोकरींच्या मध्ये मिनिटभर मोकळं मिळतं. अडतीस वर्षांतली ती मिनिटं एरलनं आपल्या क्रमांकावर घालवली. सुरुवात पहिल्याच वर्षी झाली. नवा पत्रा हातात घेऊन तो उन्हात उभा राहिला, आकड्यांच्या चिरांतून आलेला उजेड त्याच्या बुटांवर पडला, आणि त्याला वाटलं, हा आपला, तर हा आहे तरी कोण?

त्यानं ठरवलं, दर हंगामाला एक भागाकार. शंभरच्या आतल्या मूळ संख्या पंचवीस. त्यांतल्या एकीनंही भाग गेला नाही, तर आपला क्रमांकही मूळ. शंभराच्या पुढं मग बघायला नको. 1962 साली त्यानं दोननं भागून पाहिलं. भाग गेला नाही. शेवटी एक असलेल्या संख्येला दोननं भाग जात नाही हे बघताक्षणी कळतं, पण एरलनं पूर्ण हंगाम घेतला. मूळ संख्या काही पळून जात नाहीत. पुढच्या वर्षी तीन, मग पाच, मग सात. एकोणीस आणि तेवीस या दोघांनी लागोपाठ दहाच बाकी ठेवली, तेव्हा त्याला दोन हंगाम बरं वाटत राहिलं. 1986 साली सत्त्याण्णव आला. बाकी सत्तर. दहा हजार एकसष्ट कोणाच्याही पाढ्यात बसत नव्हता.

बाकीची वर्गवारी गावातल्या वाचनालयातल्या एका गणिताच्या पुस्तकानं शिकवली. ज्या संख्येच्या लहान भाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरते, ती न्यून. मूळ संख्येचा लहान भाजक एकच, तोही एक. म्हणजे दहा हजार एकसष्टच्या पदरात एक. एरलला हे थोडं लागलं, पण नाकारता आलं नाही. दोन वर्ग म्हणजे चौऱ्याण्णवचा आणि पस्तिसाचा. ते त्याला कुरणांसारखे दिसत, एक मोठं, एक धाकटं, मध्ये फाटक.

सुखी-दुःखीचं गणित वेगळं होतं. संख्येतल्या प्रत्येक आकड्याचा वर्ग करायचा, बेरीज घ्यायची, त्या बेरजेचं पुन्हा तसंच करायचं. चालत चालत एकावर पोचली, तर संख्या सुखी. नाही पोचली, तर ती आठ संख्यांच्या एका रिंगणात शिरते आणि फिरत राहते. दहा हजार एकसष्टचे होतात अडतीस. अडतीसचे त्र्याहत्तर. त्र्याहत्तरचे अठ्ठावन्न, आणि अठ्ठावन्न रिंगणातलाच. तिथून एकोणनव्वद, एकशे पंचेचाळीस, बेचाळीस, वीस, चार, सोळा, सदतीस, पुन्हा अठ्ठावन्न.

दुपारच्या जेवणानंतर एरल लोकरीच्या ढिगावर पाठ टेकून डोळे मिटायचा. लोकरीला लागलेलं मेंढीच्या अंगचं तूप तापलेलं असे, पत्र्याचं छप्पर कुरकुरत असे, आणि तो त्या रिंगणातून चालायला लागे. आठ खांबांचं कुंपण, प्रत्येक खांबावर एक आकडा रंगवलेला. पायाखाली गवत नव्हतं, लोकर होती. विसाच्या खांबापाशी वारा पडायचा. चारच्या खांबापाशी कोणीतरी नुकतंच पुढं गेल्यासारखं वाटायचं. गवत दबावं तशी लोकर दबलेली. तो पावलं वाढवायचा, पण सोळाच्या खांबाशी घंटा व्हायची आणि मेंढ्या पुन्हा ओरडायला लागायच्या.

इथवर त्याचं आयुष्य कोणाच्या अध्यातमध्यात नव्हतं. मग 1999 च्या मार्चमध्ये, चहाच्या सुट्टीत, डस्टी मकेब शेतकऱ्यांचं साप्ताहिक घेऊन आला.

डस्टी हा गासड्या दाबणारा. 1984 पासून एरलबरोबर शेडोशेड फिरत होता. लोकर यंत्रात कोंबायची, दाबायची, कापड शिवायचं आणि वर पत्रा धरून छाप मारायचा, हे त्याचं काम.

"प्रोफेसर, हे बघ," डस्टी म्हणाला. "थ्री वेल्सच्या शेडीचं नाव आलंय. इटलीच्या गिरणीनं वर्षातली सगळ्यात झकास गासडी निवडलीय म्हणे. गेल्या ऑगस्टमधली. आपणच होतो की रे तिथं!"

एरलनं पेला खाली ठेवला. ती गासडी त्याला आठवत होती. एकोणचाळीस नंबरची. त्या दिवशी मेजावर लोकर पडली तेव्हा आवाजच झाला नव्हता. बट कानाशी धरली, तर ती काचेसारखी वाजली. चष्मा पुसून त्यानं दुसरी बट घेतली, तिसरी घेतली. अडतीस वर्षांत तशी लोकर हाताखालून गेली नव्हती. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कोणाला, डस्टीला?

"वाच पुढं," तो म्हणाला.

"प्रमाणपत्र देण्यात येत आहे... प्रतवारीकार श्रीमती नेरिडा ब्लॉक्सम, ओटलंड्स, टास्मानिया." डस्टीनं मान वर केली. "ही कोण बया?"

खाली फोटो होता. गिरणीनं गासडीचं कापड कापून चौकटीत बसवलं होतं. त्यावर काळ्या रंगात 19001.

एरलनं पेपर हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग त्यानं तो हळूच फिरवला, वरची बाजू खाली. 10061.

त्या पत्र्यात एक म्हणजे नुसती उभी चीर होती, शून्य म्हणजे गोल, आणि सहा हा उलटा झाला की नऊ. दुसऱ्या कोणाचा पत्रा उलटा पडला तर चार किंवा सात लगेच पाय वर करून ओरडले असते. त्याचाच क्रमांक असा होता, की उलटा होऊनही शहाण्यासारखा दिसायचा.

"डस्टी," एरल म्हणाला, "छाप मारताना पत्रा कसा धरतोस?"

"दोन्ही हातांनी."

"तसं नाही. वरची बाजू कुठली, हे कसं ठरवतोस?"

डस्टीनं विचार केला. "पत्र्याला वर-खाली असतं होय?"

"पंधरा वर्षं, डस्टी!"

"मग पंधरा वर्षं बोलला का नाहीस? दिवसरात्र त्या आकड्याला मांडीवर घेऊन बसतोस. मला वाटलं, तुझं लक्ष आहे."

एरलनं पेपर पुन्हा सुलटा केला. त्याला तो क्रमांक आतून इतका ठाऊक होता, की बाहेरून त्याकडे बघायची वेळच आली नव्हती.

पुढच्या वर्षी त्याचे हात थांबणार होते. बोटांचे सांधे सकाळी पकडत. तक्रारी निरंक याचा त्याला अभिमान होता, पण तोच शब्द पारितोषिकांपुढं हुबेहूब तसाच दिसतो, हे त्याच्या हल्ली लक्षात यायला लागलं होतं. हे एक प्रमाणपत्र मिळालं असतं, तर एक रकाना तरी वेगळा दिसला असता. त्याला ते हवं होतं. इतकं काही हवं असण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो दोन दिवस नीट जेवला नाही.

मंडळात फोन लावला, तर ट्रूडी नावाची कारकून बोलली. आवाजावरून तरुण आणि कामाखाली दबलेली.

"म्हणजे गासडी उलटी होती, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"गासडी नाही. क्रमांक."

"अर्जात 'क्रमांक चुकीचा' असा रकाना आहे. 'क्रमांक उलटा' असा नाही."

"चुकीचा नाहीये. बरोबरच आहे, फक्त..."

"मिस्टर पेंगेली, असं करा. तुम्ही हक्क सांगणारा अर्ज द्या. पण ज्यांच्या नावावर आता गासडी आहे, त्यांची सही लागेल. आणि महिनाअखेरच्या आत, कारण वार्षिक नोंदवही छापायला जाते."

"बाईंचा फोन नंबर?"

ट्रूडीनं तो दिला. मग कागद उलटल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "तुमचा अर्ज पुढ्यात आहे. हे 'दुःखी' म्हणून मागं लिहिलंय, ते काय आहे? कोणाला तरी बोलायला हवंय का तुमच्याशी?"

"क्रमांक दुःखी आहे. मी ठीक आहे," एरल म्हणाला.

फोन करायच्या आधी त्यानं एक काम केलं. पंचवीस भागाकारांना ज्यानं पंचवीस वर्षं घेतली, त्यानं एका शनिवारी स्वयंपाकघरातल्या मेजावर बसून 19001 ला दोनपासून एकशे सदतीसपर्यंतच्या तेहतीस मूळ संख्यांनी भागलं. चहा तीनदा गार झाला. आपण घाई का करतोय, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

रविवारी दुपारी फोन वाजला तो ओटलंड्समध्ये, आणि पलीकडून आधी कुत्रा भुंकला, मग बाईचा आवाज आला.

"नेरिडा ब्लॉक्सम."

"माझं नाव पेंगेली. बर्राहून बोलतोय. तुम्ही मला ओळखत नाही, पण..."

"एकसष्ट!" बाई म्हणाल्या.

"काय?"

"दहा हजार एकसष्ट ना तुम्ही? तेरा वर्षं वाट बघतेय. म्हटलं हा माणूस मेला की काय."

एरल खुर्चीत बसला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पत्रा धुऊन खिडकीत वाळत ठेवला होता. चहा करताना मान वाकडी करून बघितलं, तर तो दुसरंच काही म्हणत होता. मंडळाच्या यादीत शोधलं, तर तुम्ही. शहाऐंशी सालची गोष्ट. तुमच्याकडे फिरवून बघायची पद्धत नाही वाटतं?"

"मी भागाकारात होतो," एरल म्हणाला.

"कशात?"

त्यानं सांगितलं. एकदम सांगून टाकलं, थांबायचं कुठं ते न कळल्यासारखं. त्यांचाही क्रमांक मूळ आहे. एकशे पंधराचा वर्ग आणि शहात्तरचा वर्ग, मिळून एकोणीस हजार एक. तोही दुःखी. त्याचे होतात त्र्याऐंशी, आणि त्र्याऐंशीचे त्र्याहत्तर. "माझे अडतीस, तुमचे त्र्याऐंशी. आणि मग दोघंही त्र्याहत्तरवर. तिथून पुढं एकाच रस्त्यानं."

पलीकडून पेन्सिलीची खरखर ऐकू आली.

"कुठवर जातो हा रस्ता?" बाईंनी विचारलं.

"कुठंच नाही. गोल आहे. आठ थांबे."

"बरं," त्या म्हणाल्या. "निदान पायाखालचं तरी ठाऊक आहे. प्रमाणपत्रासाठी फोन केलात ना?"

"ती गासडी माझी आहे, बाई."

"आहेच. थ्री वेल्स मी नकाशातही बघितलेलं नाही. चौकट आली तेव्हाच कळलं. पण एकसष्ट, शहाऐंशीची पण एक गासडी तुमचीच आहे, तिचं काय करायचं?"

मग बाईंनी सांगितलं, अगदी सावकाश, जसं एखादीनं रोपांना पाणी घालावं. शहाऐंशी साली एका गिरणीनं कापडाचा तुकडा मंडळाला पाठवला होता. नुसता क्रमांक, 19001. आत लोकरीत निळी सुतळी सापडली होती. ती कातली गेली आणि शंभर वार कापड वाया गेलं. सुतळीला चिठ्ठी होती, कापुंडाच्या एका दाणेवाल्याची. मंडळ म्हणालं, क्रमांक तुमचा, जबाबदारी तुमची. एक वर्ष नोंदणी बंद.

"कापुंडा टास्मानियात नाही, एवढं मी म्हटलं. ते म्हणाले, सुतळी फिरते. अपिलाची मुदत तीस दिवस. पत्रा मी खिडकीत ठेवला तो एक्केचाळिसाव्या दिवशी."

"त्या वर्षी काय केलंत?"

"सफरचंदं खोक्यांत भरली. लाल एकीकडे, डागी एकीकडे. प्रतवारीच ती, पण वाजत नाहीत."

कापुंडा त्याच्या घरापासून तासाभरावर. एरलला ती शेड आठवली, तो दिवस आठवला. त्याच हंगामात, त्याच शेडीत, चहाच्या सुट्टीनंतर सत्त्याण्णवनं सत्तर बाकी ठेवली होती. पंचवीस वर्षांचा हिशोब पुरा झाला, आणि त्यानंतरचे दोन तास तो मेजाशी उभा होता खरा, पण लोकर वरून ढगासारखी येत होती आणि त्याचे हात तिच्यातून नुसते जात होते. त्याला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. त्या दोन तासांत निळंच काय, जांभळं आलं असतं तरी दिसलं नसतं.

"मी मंडळाला कळवतो," तो म्हणाला. "उद्याच. सुतळी माझी होती. तुमच्या नावावरची ती ताकीद माझ्या नावावर येऊ दे. दोन्ही गासड्या माझ्या."

"खबरदार!" बाई म्हणाल्या, आणि कुत्रा पुन्हा भुंकला. "गप रे. तुला नाही. हे बघा एकसष्ट, त्या वर्षी तेव्हाच का बोलले नाही सांगू? चिडून पत्र लिहिलं होतं, पाकिटात घातलं होतं. मग यादीत तुमच्या नावापुढं बघितलं: पंचवीस वर्षं, सगळं निरंक. मला हेवा वाटला आणि कीवही आली. म्हटलं, एवढं कोरं आयुष्य आपण कशाला खरवडा. पाकीट चुलीत टाकलं."

"मग आता?"

"आता मी सहासष्टची आहे. ताकीद पुसून काय करू? ती माझ्या अंगवळणी पडली. पण प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलंय. शेजारची मार्गो रोज चहाला येते आणि रोज त्याकडे पाठ करून बसते. तुम्ही सही मागितलीत तर देईन, गासडी तुमचीच आहे. पण मला विचाराल, तर ती चौकट म्हणजे माझी सफरचंदांची मजुरी."

एरलनं हातातली पेन्सिल भागाकारांच्या कागदावर आडवी ठेवली. खिडकीबाहेर टेकड्या पिवळ्या पडल्या होत्या, उन्हात तरंगल्यासारख्या.

"ती लोकर होती कशी?" बाईंनी विचारलं. "तेवढं तरी सांगा. माझ्या नावावर आहे, आणि मी तिला हातही लावलेला नाही."

मग त्यानं ते सांगितलं, जे डस्टीला सांगितलं नव्हतं. ती कशी पडली. बट कशी वाजली. दुसऱ्यांदा टिचकी मारायला त्याला कशी भीती वाटली. सांगायला अर्धा तास लागला, आणि मध्ये बाईंनी दोनदा म्हटलं, "थांबा, पुन्हा सांगा."

सोमवारी त्यानं ट्रूडीला फोन केला.

"हक्क सांगितला होता, तो मागं घेतोय."

"का बरं?"

"गासडी माझी नाही."

"पण तुम्हीच तर म्हणालात..."

"नजरचूक झाली. तसंच लिहा."

"नजरचूक," ट्रूडीनं लिहून घेतलं. तिचा सुटकेचा श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला. "मग मी दुसऱ्या बाजूकडून प्रतवारी केल्याचा नेहमीचा दाखला मागवते आणि फाईल बंद करते. दुःखी वगैरे... सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," एरल म्हणाला. "दोन आहेत आता."

बाईंनी दाखल्यावर सही करून तो परतीच्या टपालानं पाठवला, आणि त्या वर्षीच्या नोंदवहीत पान बावन्नवर छापून आलं, की थ्री वेल्स येथील गासडी क्रमांक एकोणचाळीस हिची प्रतवारी दिनांक अकरा ऑगस्ट 1998 रोजी श्रीमती नेरिडा ब्लॉक्सम यांनी मेजापाशी समक्ष उभे राहून, आपल्या हाताने केली. त्या दिवशी बाई लॉन्सेस्टनच्या इस्पितळात आडव्या होत्या. डावा गुडघा बदलायला तीन तास लागले.